सहावं घर रिकामं

मला तो माणूस कधी आवडला नाही. एव्हाना तो मेला असणार, पण तेवढ्यासाठी त्याला आवडून घ्यावं असं मला वाटत नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या हाताखाली सहा महिने काढलेले नसतात.

तो बंदुका बनवायचा. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. हायडेलबर्गहून वाल्डॉर्फकडे जाणारी बस मधल्या एका गावात थांबायची. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला आमच्या निपाणीकडे असतात तशी तंबाखूची शेतं, आणि चर्चमागच्या गल्लीत त्याचं दुकान. पुढे काउंटर, मागे वर्कशॉप. गावात सगळे त्याला माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणत. मीही मोठ्यांदा तेच म्हणायचो. मनात मी त्याला थेरडा म्हणायचो, आणि कधी कधी तोंडावरसुद्धा, मराठीत, अदबीने मान लवून. त्याला ते कळत नाही याचं मला फार सुख वाटायचं. दिवसभरात तेवढंच एक सुख होतं.

मी यंत्रशास्त्र शिकायला जर्मनीत आलो होतो. तिथल्या तांत्रिक विद्यापीठाचा नियम असा, की परीक्षेला बसण्याआधी विद्यार्थ्याने सहा महिने कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये हाताने काम केलेलं पाहिजे. त्याला प्राक्टिकुम म्हणत. त्याची एक वही असायची. दर आठवड्याला काय केलं ते तीत लिहायचं, आकृत्या काढायच्या, खाली माइस्टरची सही घ्यायची, आणि शेवटच्या पानावर शिक्क्यासकट मोठी सही. ती मोठी सही नसेल तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर मुक्कामाचा परवाना वाढवून मिळत नाही. परवाना नाही तर बोटीने घरी. घरी म्हणजे सांगलीला, जिथे स्टेशनवर निम्मी आळी मला हार घालायला आली होती. त्या लोकांना कुठल्या तोंडाने भेटायचं?

मोठ्या कारखान्यांना पत्रं पाठवली. सगळीकडून छापील नकार आले. बोलावलं ते या एका दुकानाने, आणि तेही माझ्या गुणांवर भाळून नव्हे. जवळच अमेरिकन सैनिकांची छावणी होती, आणि त्या सैनिकांना सिनेमातल्या गुराख्यांच्या कमरेला असतात तशी जुन्या धर्तीची रिव्हॉल्व्हरं हवी असत. माइस्टर इंग्रजी बोलत नसे. मला येत होतं. पहिल्या दिवशी त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं, त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डोलमेचर." म्हणजे दुभाष्या. पुढे सहा महिने माझं तेच नाव.

दुभाष्याचं काम नसेल तेव्हा मी ठोकळा घासायचो. त्याने मला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस दिली आणि सांगितलं, हा सहाही बाजूंनी सपाट आणि काटकोनात करा. बस. चार-पाच दिवस घासून मी त्याच्याकडे न्यायचो. तो त्यावर पोलादी पट्टी उभी धरायचा, खिडकीकडे करून पट्टीखालून उजेड येतो का ते बघायचा आणि ठोकळा भंगाराच्या टोपलीत टाकायचा. एक शब्द नाही. कुठे चुकलं, किती चुकलं, काही नाही. मग नवा ठोकळा. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यांवर घट्टे पडले, तरी टोपलीत माझेच ठोकळे साचत होते. वर तो मला जर्मनमधलं आदरार्थी 'झी' म्हणायचा, म्हणजे आपलं अहो-जाहो. इतक्या आदराने इतका अपमान मी त्याआधी सोसला नव्हता.

त्याच्या कडवटपणाला कारणं होती, ती मी नाकारत नाही. लढाईच्या आधी तो शिकारीच्या बंदुका बनवायचा. लढाई हरल्यावर जिंकलेल्यांनी जर्मनांना बंदुका बनवायची बंदी केली. काही वर्षं त्याने शिलाई मशिनं आणि सायकली दुरुस्त केल्या. बंदी उठली, आणि आता दारात गिऱ्हाईक म्हणून कोण, तर तेच जिंकलेले. लढाईत तो स्वतः कुठे होता हे त्याने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्या वेळी जर्मनीत कोणी कोणाला ते विचारत नसे.

त्या रिव्हॉल्व्हरबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचं नीट लक्षात येईल. त्यात काडतुसांसाठी सहा घरांचं एक फिरतं चक्र असतं. दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ताणायचा, तेव्हा चक्र एक घर पुढे सरकतं, आणि मगच चाप ओढला की गोळी सुटते. म्हणून त्याला सिंगल ॲक्शन म्हणतात. घोडा खाली असला की त्याच्या नाकावरचा खिळा समोरच्या घरातल्या काडतुसाच्या बुडाला टेकून राहतो. अशा वेळी घोड्यावर वरून ठोका बसला तर चापाला हात न लावता बार उडतो. तेव्हा शहाणा माणूस सहा घरांत पाचच काडतुसं भरतो आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतो. सुटे भाग उत्तरेकडच्या एका कारखान्यातून यायचे. बाकी सगळं, म्हणजे नळीची लांबी, मूठ, मुलामा, चापाचा ताण, गिऱ्हाइकाच्या पसंतीने माइस्टर करायचा.

पसंतीने म्हटलं, पण तिथेच खरी गोम होती. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला पसंती नव्हतीच. आधी तो तीन गोष्टी विचारायचा: हे कुठे बाळगणार, कशावर झाडणार, आणि हात दाखवा. मग खाकी कागदावर त्या माणसाचा पंजा ठेवून कडेने पेन्सिल फिरवायचा, चांभार पायाचं माप घेतो तसं. तो कागद भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि त्यावर स्वतःच काय ते लिहायचा. गिऱ्हाइकाने काय मागितलं होतं ते त्या कागदावर कधीच नसायचं.

तर एके दिवशी तो सार्जंट आला. लालबुंद, धिप्पाड, आवाज असा की काउंटरवरच्या काचा वाजाव्यात. आल्या आल्या त्याने सगळं सांगून टाकलं. नळी सर्वांत लांब, साडेसात इंची. अंगभर निकेलचा चकचकीत मुलामा. मूठ हस्तिदंतासारखी पांढरी. आणि चाप इतका हलका, की नुसतं मनात आणलं तरी बार उडावा. छावणीच्या नेमबाजी क्लबात सगळ्यांचे डोळे दिपले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं होतं.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. माइस्टरने तिन्ही प्रश्न विचारले, पंजा काढून घेतला आणि मग पेन्सिल कानावर खोचून बोलायला लागला.

"डोलमेचर, त्यांना सांगा. साडेसात इंची नळी टेबलावर ठेवून नेम धरायला छान. कमरेला लावून बसलं की मांडीत घुसते, आणि हातात धरली की तोंड खाली जातं. पावणेपाच इंची चपळ असते, पण तिला असला घाईचा हात चालत नाही. साडेपाच. निकेल उन्हात चमकतं, नेम धरायची पुढची माशी दिसत नाही. निळा-काळा मुलामा. पांढरं प्लास्टिक घामात निसटतं. अक्रोडाचं लाकूड. चापाचा ताण दीड किलोच्या खाली मी कोणालाच देत नाही. त्यांना काय हवं ते मी ऐकलं. उत्तर नाही असं आहे."

आता इथे माझी चूक सांगतो. सगळी चूक, आडपडदा न ठेवता. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मुलगी बघायला आलेल्यांनासुद्धा 'कळवतो' म्हणतात. 'बघू', 'करू', 'होईल काहीतरी' यांत समोरच्याला काय ते समजतं आणि कोणाचा मुखभंग होत नाही. पुण्याचा असतो तर 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो. मी सांगलीचा. सार्जंट आशेने माझ्याकडे बघत होता, आणि मी म्हणालो, "माइस्टर म्हणतात, बघू काय करता येतं ते."

"ठीक आहे," सार्जंट खुशीत म्हणाला आणि माझ्या पाठीत थाप मारली. जाता जाता माइस्टरकडे बघून हसत त्याने जर्मनांवरून एक घाणेरडा शब्द काढला. म्हातारा असला तरी कामाचा दिसतोय, अशा अर्थाचं काहीतरी. त्याचं मी भाषांतर केलं नाही. माइस्टर तोवर पाठ फिरवून कानस चालवायला लागला होता. ती कानस क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली.

रविवारी हायडेलबर्गला एका पुणेकराकडे जेवायला गेलो. हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. बोलताना मराठीत जर्मन पेरायचे, पिठलं मात्र फर्मास करायचे. मी त्यांना आधीपासूनच डॉक्टर म्हणायचो. सगळं ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे त्याने नाइन, सरळ नाही, म्हटलं आणि तू त्याचं 'बघू' केलंस?"

"तोंडावर नाही कसं म्हणायचं हो, डॉक्टर? गिऱ्हाईक आहे तो."

"अरे, पण नाही तू कुठे म्हणत होतास? तो म्हातारा म्हणत होता. तू फक्त पोचवायचं. आल्झो, मला सांग, पोस्टमन पत्र उघडून त्यात दुरुस्त्या करतो का?"

"तुम्हा पुण्याच्या लोकांना नाही म्हणायला आवडतंच."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून आमच्या दारात कोणी ताटकळत नाही." मग म्हणाले, "आणि साडेसात इंच काय मागतो लेकाचा! शनिवारी डिलिव्हरी घेऊ नको म्हणावं." आणि त्यांनी मला आणखी पिठलं वाढलं.

पुढे सहा आठवडे ते रिव्हॉल्व्हर आकाराला येताना मी बघत होतो. नळी कापली गेली, सरकारी चाचणीला जाऊन शिक्का घेऊन आली. चापाच्या आतली पोलादी कड माइस्टरने इतक्या बारीक दगडावर घासली की आवाजसुद्धा येत नव्हता. मुठीचं अक्रोड त्याने भिंतीवरच्या पंज्याच्या चित्राशी पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. शेवटी ती मूठ माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, तेल चोळा. अळशीचं तेल, तळहाताने, लाकूड गरम होईपर्यंत, रोज. पाच महिन्यांत त्याने माझ्या हातात दिलेली ही पहिली खरी वस्तू. मी ती जीव लावून चोळली, आणि स्वतःचाच राग आला. कारण मला पटत चाललं होतं. लांबी, रंग, लाकूड, वजन, कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती. नावडत्या माणसाचं बरोबर असावं याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही नसतं. वहीत मी त्या रिव्हॉल्व्हरची आकृती काढली, तीही त्याने न बघता सही करून परत दिली.

मग सार्जंट न्यायला आला. काउंटरवर ते काळं-निळं, साडेपाच इंची, लाकडी मुठीचं रिव्हॉल्व्हर बघून त्याचा चेहरा पडला. मग तापला.

"हे काय? मी हे मागितलं होतं?"

माइस्टरने रिव्हॉल्व्हर मूठ पुढे करून सार्जंटच्या हातात दिलं. सार्जंटने ते धरलं. पकड सोडून पुन्हा धरलं. घोडा ताणला, खाली केला. मूठ त्याच्या हातात अशी बसली होती की त्याला ती सोडवेना. बराच वेळ तो खिडकीबाहेर चर्चच्या टोकावर नेम धरून उभा होता.

"बरं आहे," तो अखेर म्हणाला. मग हसायला लागला. "च्यायला, फारच बरं आहे!" त्याने खिशातून सिगारेटचं अख्खं पाकीट काढून मला दिलं आणि म्हणाला, की मला वाटलं होतं तू मला फसवलंस, पण तू तर माझं कल्याण केलंस.

म्हणजे माझं 'बघू' चालून गेलं होतं. वर बक्षीस मिळालं होतं. पाच महिने टोपलीत ठोकळे टाकून घेतलेल्या माणसाला कोणीतरी शाबासकी देत होतं. मला आनंद झाला, अगदी लहान पोरासारखा.

त्याच वेळी माइस्टर म्हणाला, "डोलमेचर, आता शेवटचं सांगा, आणि शब्दाला शब्द सांगा. काडतुसं पाचच भरायची. सहावं कधीच नाही. एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ताणून हळूच खाली ठेवा, की तो रिकाम्या घरावर येतो. सहा भरून हे पडलं तर सुटणार. सुटेल असं नाही. सुटणार."

सार्जंट तोवर कमरेच्या पट्ट्यात रिव्हॉल्व्हर अडकवून आरशात बघत होता. इतका खूश होता, की त्या क्षणी त्याला धमकीसारखं काही ऐकवणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "माइस्टर म्हणतात, जमलं तर एक घर रिकामं ठेवलेलं बरं."

"सहा घरांचे पैसे दिलेत मी," सार्जंट डोळा मारून म्हणाला. "सहा भरणार."

आणि मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो. इतक्या वर्षांत मी अनेक गोष्टी विसरलो, ते हसणं मात्र विसरलेलो नाही.

"सांगितलंत?" माइस्टरने विचारलं.

"हो, माइस्टर," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हातातल्या फडक्याने काउंटर पुसून आत निघून गेला.

वहीतले शेवटचे दोन आठवडे उरले होते तेव्हा छावणीची गाडी दारात थांबली. आधी एक कॅप्टन उतरला, सडपातळ, चष्मेवाला. मागून कुबड्यांवर सार्जंट. त्याचा उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. तो लालबुंद रंग गेला होता.

कॅप्टनने मला काय झालं ते सांगितलं. सार्जंटने गॅरेजमध्ये खुंटीला पट्टा लावला होता. खुंटी निसटली, रिव्हॉल्व्हर घोड्याच्या बाजूने सिमेंटच्या जमिनीवर आपटलं आणि गोळी त्याच्या गुडघ्यातून आरपार गेली. लष्कराच्या कारागिराने ते तपासलं होतं. बनावटीत खोट नव्हती, असं यंत्र असंच असतं. प्रश्न एकच होता. सार्जंटला एक घर रिकामं ठेवायला बजावून सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर दोष दुकानाचा, आणि उद्यापासून एकाही सैनिकाला या दुकानात पाऊल टाकता येणार नाही. सांगितलं असेल तर दोष सार्जंटचा, आणि मग त्याचं काय करायचं ते लष्कर बघून घेईल.

मी हे माइस्टरला जर्मनमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं. काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना सांगा."

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. खोलीत दोन्ही भाषा बोलणारा मी एकटा होतो. माझी वही लोखंड पकडायच्या व्हाइसशेजारी पडली होती, तिचं शेवटचं पान अजून कोरं होतं. खरं सांगावं, की माइस्टरने बजावलं आणि मी ते पातळ करून वाढलं? मग सही विसराच. मग बोट, सांगली, स्टेशन. की माइस्टरने काही सांगितलंच नाही म्हणावं? थेरड्याचं दुकान माझ्या एका वाक्यावर बसलं असतं. तोही विचार मनात आला, खोटं कशाला बोलू, आणि गोडही वाटला. पण तसं केलं तरी सही जाणारच होती. हा सगळा हिशेब करायला मला दोन श्वासांइतकाही वेळ लागला नाही.

"माइस्टरनी सांगितलं होतं," मी कॅप्टनला म्हणालो. "पाचच भरायची, सहावं कधीच नाही. मी तसंच भाषांतर केलं होतं. शब्दाला शब्द."

कॅप्टनने ते लिहून घेतलं.

"खोटं आहे," सार्जंट म्हणाला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. "याने मला सांगितलं, जमलं तर. जमलं तर बरं. आणि मी सहा भरणार म्हणालो तेव्हा हा माझ्याबरोबर हसला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हसला होतास ना रे?"

मी कॅप्टनकडे बघून म्हणालो, की सार्जंट तेव्हा आरशात बघत होते, कदाचित त्यांचं लक्ष नसेल. हे वाक्य मी किती सफाईने बोललो! पाच महिन्यांत कधी इतकं चांगलं इंग्रजी माझ्या तोंडून निघालं नव्हतं. कॅप्टनने आपली टिपणवही मिटली, आम्हा दोघांशी हात मिळवला आणि ते गेले. कुबडीचं रबर दगडी पायरीवर दोनदा घसरलं. मी सावरायला पुढे झालो, तर सार्जंटने माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच थांबलो. पुढे दुसऱ्या एका सैनिकाकडून कळलं, की त्याच्या बाहीवरची हुद्द्याची पट्टी काढून घेतली आणि त्याला घरी पाठवलं. पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

गाडीचा आवाज गेल्यावर माइस्टरने दुकानाचं दार लावलं. हात पुसले. माझी वही उचलली, शेवटचं पान उघडलं आणि बोलला. इंग्रजीत. अमेरिकन शेतमजूर बोलतात तसल्या हेल काढलेल्या, अस्सल इंग्रजीत. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, म्हणून इथे अरे-तुरे लिहितो. त्याच्या आवाजात तेच होतं.

"मी म्हणालो होतो, कधीच नाही. तू म्हणालास, जमलं तर."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"दोन वर्षं टेक्ससला होतो. युद्धकैदी. कापूस वेचायला."

म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं. पहिलं 'बघू' ऐकलं होतं. सार्जंटची शिवी ऐकली होती आणि ती मी गिळली तेही ऐकलं होतं. मला आधी लाज वाटली आणि मग संताप आला.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत? मी चुकीचं सांगतोय हे तुम्हाला कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं तुम्ही!"

"मी कधी सांगतो का, ठोकळा कुठे चुकला ते?" तो म्हणाला. "बघतो. चुकला असेल तर टोपलीत जातो. आपलं आपण शोधायचं."

तो ठोकळा नव्हता, माणूस होता, असं मी म्हणायला हवं होतं. आजवर हजारदा म्हणून झालंय, आंघोळ करताना, रस्त्याने चालताना, रागाने एकट्यानेच. त्या दिवशी म्हणालो नाही, कारण त्याने टोपण काढलं होतं आणि पेन कागदाला टेकवलं होतं.

त्याने मोठी सही केली. शिक्का मारला. शेऱ्याच्या रकान्यात जर्मनमध्ये एक ओळ लिहिली, 'कामाची पद्धत समजली आहे', आणि वही माझ्यापुढे धरली. पुन्हा जर्मनवर आला, पुन्हा 'झी'. "उरलेले दोन आठवडे येऊ नका," म्हणाला. भिंतीवरचा सार्जंटच्या पंज्याचा कागद त्याने काढला, चुरगाळला आणि टोपलीतल्या माझ्या ठोकळ्यांवर टाकला.

मी अदबीने मान लवली. नेहमीप्रमाणे मराठीत एक शिवी हासडावी म्हणून तोंडही उघडलं. पण ती त्याला घालायची की मला, हे ठरेना. मग मी "डांके, माइस्टर" म्हणत नुसतेच आभार मानले आणि वही काखेत धरून साडेपाचची बस पकडली.